नवीन रेल्वेवर एवढे कोटी, पण बसणार कोण?

शेंगाचटणी
मंडळी, दोन आठवडे डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढला. आईच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन पुण्याला झालंय, दर पंधरा दिवसांनी दाखवायला जावं लागतं. पहाटे आम्ही सोलापूर स्टेशनात पुण्याच्या हुतात्मा एक्सप्रेसची वाट बघत बसतो, तिच्याआधी सहाच्या सुमाराला वंदे भारत सुटते. पांढरीशुभ्र, दारं आपोआप मिटतात, आई काळा चष्मा वर करून बघत राहते. मागच्या खेपेला येताना हुतात्माचं तिकीट मिळालं नाही, म्हणून एका लांब पल्ल्याच्या गाडीच्या जनरलमधे चढलो. दौंडपर्यंत माझा एक पाय कांद्याच्या पोत्यावर आणि दुसरा अधांतरी. एका बाईने स्वतःची पत्र्याची पेटी आडवी करून आईला संडासाच्या दाराशी बसायला दिलं, आणि जाणारा येणारा प्रत्येक जण आईच्या गुडघ्याला लागूनच जात होता.
त्याच रात्री इंडोनेशियातल्या नव्या फास्ट रेल्वेबद्दल वाचलं. अब्जावधी डॉलरचं कर्ज आणि तिथले लोक पण चिडलेत. मग प्रश्न पडला की आपल्यासारख्या देशांनी असल्या महागड्या रेल्वे बांधायच्याच का? लोकांची चिडचिड बरोबर आहे का आपलं नेहमीचंच रडगाणं? ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा. पक्षांची भांडणं नकोत.

सातरस्ता
शेंगा घेऊन बसलोय. चालू द्या.

डाउन_सिग्नल
छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, म्हणून आधीच सांगतो, तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात. वंदे भारत ही नवीन गाडी आहे, नवीन लाईन नव्हे. आपली सोलापूरची फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली ती जुन्याच रुळांवर. खरा पैसा खाते ती नवीन लाईन, म्हणजे जमीन, भराव, पूल, बोगदे. आणि सगळाच खर्च वायफळ म्हणू नका. दौंड ते सोलापूर डबल लाईन होण्याआधीचे दिवस आठवा. जेऊर, पारेवाडी, वाशिंबे, कुठंही गाडी क्रॉसिंगला उभी. उन्हाळ्यात लोक खाली उतरून बाभळीच्या सावलीत बसायचे, समोरची गाडी गेली की पळत येऊन चढायचे. ते बंद झालं ना? त्याचं उद्घाटन कुणाच्या लक्षात नाही, कारण दुसऱ्या रुळाला हिरवा झेंडा दाखवतानाचा फोटो चांगला येत नाही.

शेंगाचटणी
काका, मान्य. पण मग जनरलचे डबे का वाढत नाहीत?

डाउन_सिग्नल
ते मला विचारू नका, माझं पेन्शन चालू आहे 😄

नैरोबीरिटर्न
मी चार वर्षं केनियात होतो, एका पॅकेजिंग कारखान्यात मेंटेनन्सला. मोंबासा ते नैरोबी नवीन रेल्वे ३१ मे २०१७ ला सुरू झाली, पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास, खर्च ३.६ अब्ज डॉलर, त्यातलं नव्वद टक्के कर्ज चीनच्या एक्झिम बँकेचं. आता गंमत ऐका, पॅसेंजर गाडी लोकांना आवडते. जुनी गाडी अख्खी रात्र खायची, वर कधी पोचेल त्याचा नेम नाही. नवीन पाच साडेपाच तासात सोडते. सणासुदीला तिकीट मिळत नाही. म्हणजे "कोणी बसत नाही" ही ओरड तिथं खोटी आहे.
घोळ मालाचा झाला. कर्ज फिटायचं तर मालवाहतूक पाहिजे, आणि व्यापारी म्हणाले आमचा ट्रक मोंबासाहून निघतो तो थेट गोडाऊनच्या दारात लागतो, तुमची रेल्वे नैरोबीच्या डेपोत टाकणार, तिथून परत ट्रक करायचा, मग स्वस्त कुठं पडलं? तर सरकारने हुकूमच काढला, नैरोबीचा कंटेनर रेल्वेनेच गेला पाहिजे. मोंबासातले ट्रकवाले, त्यांचे क्लीनर, हायवेवरचे चहा-जेवणाचे गाडे, टायर पंक्चरवाले, सगळ्यांच्या पोटावर पाय. २०१९ मधे दर सोमवारी मोर्चे निघायचे. शेवटी २०२२ ला नवीन राष्ट्राध्यक्ष आले आणि तो हुकूम मागे घेतला. ट्रकवाले खूश, पण मालच कमी झाला तर रेल्वेने हप्ता कशातून भरायचा?
आणखी एक. २०१३ पासून तिथं आयात मालावर रेल्वे विकास कर आहे, सुरुवातीला दीड टक्का होता. आमच्या कारखान्यात स्वयंपाक करणाऱ्या मावशी होत्या, त्यांचं गाव पार पश्चिमेला, तिकडे ही रेल्वे पोचलेलीच नाही. मोंबासाला कधी गेल्या नव्हत्या, समुद्र बघितला नव्हता. पण बाहेरून येणारा तांदूळ, मोबाईल, चप्पल, सगळ्यात रेल्वेचा वाटा त्यांच्या खिशातून जायचाच. एकदा मला म्हणाल्या, तू तरी बसलास ना त्या गाडीत, सांग कशी आहे.

कडक_भाकरी
जबरदस्त प्रतिसाद. पण पश्चिमेला का नाही पोचली?

नैरोबीरिटर्न
युगांडाच्या सीमेपर्यंत न्यायची होती. नैरोबीच्या पुढे १२० किलोमीटर, नैवाशाच्या अलीकडच्या माळरानापर्यंत नेली २०१९ ला, त्याला आणखी दीड अब्ज डॉलर. पुढे कर्ज मिळेना, काम थांबलं. शेवटच्या स्टेशनच्या आसपास गाई चरायच्या. कुठंच न जाणारी रेल्वे म्हणून लोक टिंगल करायचे.

अजून_वाटेत_बीडकर
माझ्या आयडीकडे बघा आणि मग केनियाचं सांगा. आमची नगर-बीड-परळी लाईन १९९५ ला मंजूर झाली, २६१ किलोमीटर, खर्च धरलेला ३५३ कोटी. बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. खर्च पोचला ४,८०० कोटींच्या वर आणि परळी अजून पुढंच आहे. मंजूर झाली तेव्हा मी बालवाडीत होतो. गाडी आली तेव्हा माझ्या पोराला खांद्यावर घेऊन बघायला गेलो. केनियावाल्यांनी चार वर्षात बांधली, कर्ज काढून का होईना. आम्ही कर्ज पण काढलं नाही आणि गाडी पण नाही, नुसता खर्च वाढवला.

सातरस्ता
बीडकर, एवढ्या वर्षात बैलगाडीने जाऊन परत आला असतात की ओ

अजून_वाटेत_बीडकर
गेलो होतो. येताना बैल म्हातारे झाले.

गड्ड्यातला_पाळणा
सगळे नुसते रडायलेत. विकास फुकट होत नसतो बे. मुंबई-हैदराबाद हायस्पीडचा ७११ किलोमीटरचा प्रस्ताव आहे, पुणे, सोलापूर, कलबुर्गी असा. उद्या ती झाली तर दोन तासात मुंबई. चादरवाला सकाळी जाऊन ऑर्डर घेऊन दुपारी परत. आपण कायम "आपल्याला परवडत नाही" म्हणत बसायचं का? आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लाईन बघा, ८४ किलोमीटरला ३,२९५ कोटी, म्हणजे किलोमीटरला ३.९ कोटी फक्त. एवढं तर रस्त्याला पण जातंय.

कडक_भाकरी
शून्य खाल्लंस बे. ३९ कोटी होतात किलोमीटरला.

गड्ड्यातला_पाळणा
अरे हो. कॅल्क्युलेटर जुना आहे.

कडक_भाकरी
आता बसलोच आहे तर सगळ्यांचं काढलं. रुपये त्या त्या वेळच्या डॉलरने, ढोबळ. केनिया किलोमीटरला पन्नासेक कोटी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ५०८ किलोमीटर, मूळचा अंदाज १ लाख ८ हजार कोटी, म्हणजे २१२ कोटी. इंडोनेशियाची जकार्ता-बांडुंग १४२ किलोमीटर, सव्वासात अब्ज डॉलर, म्हणजे सव्वाचारशे कोटीच्या घरात! आता तुळजापूरचं खरं दुखणं सांगतो. हीच लाईन आधी ९०४ कोटीत होणार होती, राज्याने निम्मा वाटा उचलायला २०२२ ला मान्यता दिली ती त्या आकड्यावर. २०२५ मधे तीच ३,२९५ कोटीला परत मंजूर झाली. लाईन तेवढीच, देवी तीच, आकडा साडेतीनपट.

डाउन_सिग्नल
त्याचं कारण सोपं आहे. पहिला अंदाज असतो तो मंजूर व्हावा म्हणून केलेला असतो. जमिनीचा भाव जुना, सिमेंट-लोखंडाचा भाव जुना, मधल्या ओढ्यांवर पूल किती ते नकाशावर बघून ठरवलेलं. खरं मोजमाप माणसं शेतात उतरली की सुरू होतं. तोवर नारळ फुटलेला असतो, मागे कोण जाणार?

बांडुंगची_सून
इंडोनेशियाचा विषय निघालाय म्हणून लिहिते. माहेर जुळे सोलापूर, नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं बांडुंगला. ती गाडी, वुश, ऑक्टोबर २०२३ पासून चालू आहे आणि खोटं कशाला बोलू, झकास आहे. ताशी ३५० किलोमीटर. पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला तर हलत नाही, माझ्या सासऱ्यांनी इकडून आल्यावर नाणं उभं करून पाहिलं, पडलं नाही. पण ती आमच्या बांडुंग शहरात येतच नाही! अलीकडे पडालारांगला उतरायचं, तिथून वीस मिनिटं छोट्या जोडगाडीने शहरात. तिकडे जकार्तात पण हालिम स्टेशन एका कडेला. घरातून निघून दारात पोचेपर्यंत हिशोब केला तर जुन्या तीन तासवाल्या गाडीपेक्षा तास सव्वा तास वाचतो, आणि तिकीट जास्त. म्हणून पाहुणे आले की आम्ही वुशने जातो, एरवी जुनी गाडी. ती थेट गावात आणून सोडते आणि बाहेर भातात घातलेला डोंगर दिसतो.
लोक चिडले ते वेगळ्याच गोष्टीवर. २०१५ ला सरकारने सांगितलं होतं की ह्यात सरकारी तिजोरीतला पैसा लागणार नाही, कंपन्या कंपन्यांचा व्यवहार आहे. जपानचा प्रस्ताव मागे टाकून चीनचा घेतला तो ह्याच बोलीवर. मग सहा अब्जाचं काम सव्वासातवर गेलं, २०२१ ला नियम बदलला आणि तिजोरी उघडली. २०२५ मधे तर नवीन अर्थमंत्रीच म्हणाले की ह्याचं कर्ज मी बजेटमधून फेडणार नाही, ज्यांनी काढलं त्यांनी बघावं. आमच्या शेजारचे आजोबा रिटायर्ड शिक्षक आहेत, ते म्हणाले रेल्वे महाग आहे ह्याचा राग नाही, आम्हाला फुकट आहे म्हणून सांगितलं ह्याचा राग आहे.

इंद्रभुवन
ताई, तिकडे शेंगा मिळतात का आपल्यासारख्या?

बांडुंगची_सून
मिळतात, उकडलेल्या. चटणी मात्र आईच पाठवते. मागच्या वेळी एअरपोर्टवर पिशवी उघडायला लावली, तिथला माणूस वास घेऊन पाच मिनिटं शिंकत होता.

इंद्रभुवन
एअरपोर्टवरून आठवलं, आपल्या होटगी रोडच्या विमानतळासाठी २०२३ ला साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ ला गोव्याचं आणि मग मुंबईचं विमान सुरू झालं. तेव्हा पण हेच भांडण होतं, विमानात बसणार कोण. आणि नळाला पाणी पाच दिवसांनी.

गड्ड्यातला_पाळणा
आला पाण्याचा विषय. सोलापूरकर चंद्रावर गेला तरी विचारणार पाणी कितव्या दिवशी येतंय.

सातरस्ता
आणि मोटर लावून ओढणार.

डाउन_सिग्नल
विषयावर येतो. सोलापूरला रेल्वे आली १८६० ला. भोर घाट तेव्हा पूर्ण नव्हता, तो १८६३ ला उघडला. बांधणारी कंपनी लंडनची, आणि तिच्या भागधारकांना वर्षाला पाच टक्के हमखास परतावा द्यायची हमी सरकारने घेतलेली. नफा झाला नाही तरी पाच टक्के पक्के. मग खर्च कमी करायची कंपनीला गरज काय? तूट भरून निघायची ती इथल्या महसुलातून, म्हणजे शेतसाऱ्यातून. आगगाडी ज्याने आयुष्यात पाहिली नाही त्याने पण तिचं व्याज भरलं. नैरोबीवाल्यांच्या मावशींची गोष्ट वाचली आणि हेच आठवलं.
पण पुढचं पण सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. रेल्वे होती म्हणून १८७७ ला इथं कापडगिरणी निघाली, जिला आपण 'जुनी गिरणी' म्हणतो. मग आणखी गिरण्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांच्या मागोमाग चादर, टॉवेल, सगळं आलं. माझे आजोबा गिरणीत, वडील रेल्वेत. आता ती रेल्वे महाग पडली का स्वस्त, ह्याचा हिशोब कोणत्या साली करायचा?

नैरोबीरिटर्न
काका, त्यात अजून एक. केनियाची जुनी रेल्वे १८९६ ते १९०१ मधे बांधली ती आपल्याच देशातून नेलेल्या मजुरांनी, बत्तीसेक हजार माणसं गेली होती, त्यातली अडीचेक हजार मेली. त्सावोला सिंह माणसं उचलून न्यायचे. तेव्हा लंडनमधे पण लोक ओरडत होते की हा वेडेपणा आहे, म्हणून लुनॅटिक लाईन, म्हणजे वेड्यांची लाईन, नाव पडलं. नैरोबी शहर त्या रेल्वेच्या तळावरच वसलं.

गड्ड्यातला_पाळणा
बघा! मी काय म्हणत होतो. आज ओरडतात, उद्या नातू आभार मानतात.

नैरोबीरिटर्न
तसं नाही रे. तेव्हा कर्ज फेडणारा आणि निर्णय घेणारा दोघं तिथले नव्हतेच. आता कर्ज डॉलरमधे आणि तिकीट शिलिंगमधे. रेल्वे सुरू झाली तेव्हा डॉलरला १०३ शिलिंग होते, जानेवारी २०२४ ला १६० झाले. गाड्या तेवढ्याच, प्रवासी तेवढेच, हप्ता मात्र बसल्या जागी दीडपट. त्याच महिन्यात साधं तिकीट हजारावरून दीड हजार झालं. जूनमधे नवीन करांच्या विरोधात पोरं रस्त्यावर उतरली, ते एकट्या रेल्वेमुळे नाही, पण कर्जात तिचा वाटा मोठा. २०२५ ला त्यांनी रेल्वेची कर्जं डॉलरमधून युआनमधे करून घेतली, व्याज कमी पडतं म्हणून. इथिओपियाने अदिस अबाबा-जिबूती रेल्वेचं कर्ज दहा वर्षांचं तीस वर्षं करून घेतलं २०१८ ला. म्हणजे आता पोरांनी फेडायचं.

कडक_भाकरी
लाओसच्या नव्या रेल्वेचं पण बघा, ४१४ किलोमीटर, सहा अब्ज डॉलरच्या आसपास, देशाचं वर्षाचं सगळं उत्पन्नच त्याच्या तिप्पट. पण गाडी भरून वाहते, तिकिटाला पहाटेपासून रांगा. आपल्या बुलेटला निदान जपानचं कर्ज ०.१ टक्क्याने, पन्नास वर्षांचं आहे. पण ते येनमधे, आणि आपण सप्टेंबर २०१७ ला नारळ फोडला तेव्हा २०२२-२३ ला बसायचं ठरलं होतं.

माळरान
मी सहसा नुसतं वाचतो, आज लिहितो. माझी पावणेदोन एकर रेल्वेत गेली. कुठल्या लाईनला आणि कुठल्या गावची ते सांगत नाही, केस चालू आहे. तुम्ही सगळे अब्ज बोलायलात, माझ्याकडे एका ओळीचं भांडण आहे. सातबाऱ्यावर जिरायत. तिथं माझी विहीर आहे, ठिबक आहे, सहा वर्षांची द्राक्षबाग होती. मोजणीला माणूस आला, चुन्याची फक्की मारत बागेतून गेला, मी म्हटलं साहेब, विहीर लिहा. म्हणाला लिहितो. कागद हातात आला तर विहीर नाही. जिरायत आणि बागायत ह्यात जो फरक आहे तेवढ्यासाठी चार वर्षं हेलपाटे मारतोय. बाग काढली तेव्हा तारा आणि अँगल भंगारात विकले.
आणि राहिलेलं शेत दोन तुकड्यात. घर इकडं, विहीर इकडं, ऊस पलीकडं. आधी फाटक होतं, ते बंद करून खालून अंडरपास केला. पावसाळ्यात त्यात कमरेएवढं पाणी. मागच्या हंगामात उसाची ट्रॉली अडकली, दोन ट्रॅक्टर लावून काढली. बैल तर त्यात उतरतच नाही, पाण्याशी गेला की मान झटकून उभा. रेल्वे नको असं मी कधीच म्हणालो नाही. माझी आई तुळजापूरला कोजागरीला चालत जायची, पायाला फोड घेऊन यायची, रेल्वे झाली तर बरंच आहे.

अजून_वाटेत_बीडकर
भाऊ, ह्यावर विनोद सुचत नाही. वकील चांगला आहे का?

माळरान
वकील चांगला आहे. तारखा वाईट आहेत.

डाउन_सिग्नल
माळरान, विहिरीचा जुना पंचनामा, वीज कनेक्शनचं पहिलं बिल, ठिबकच्या अनुदानाचा कागद, ह्यातलं काही असेल तर वकिलाला द्या. मोजणीआधीची तारीख असलेलं काहीही. एका नातेवाइकाचं वीजबिलावर जमलं होतं.

माळरान
बिल आहे काका. २०११ चं. पत्र्याच्या डब्यात ठेवलंय. उद्याच देतो.

बांडुंगची_सून
ह्या धाग्याचा एवढा जरी उपयोग झाला तरी पुरे.

शेंगाचटणी
उशिरा येतोय, पुण्याला होतो. सगळं वाचलं. मी विचारलं होतं बांधायच्याच का, तर माझं मत थोडं बदललंय. बांधा. पण खरा आकडा पहिल्याच दिवशी सांगा, स्टेशन गावात ठेवा, आणि ज्याची विहीर आहे त्याची विहीर लिहा. हे तीन केलं असतं तर नैरोबी, जकार्ता, बीड, कुठंच एवढी बोंब झाली नसती. माझ्या जनरलच्या डब्याचं उत्तर मात्र कुणीच दिलं नाही, डाउन_सिग्नल काकांनी तर पेन्शन पुढे केलं.
ह्या वेळी ठरवलं होतं आईला एकदा वंदे भारतने न्यायचं, होऊ दे खर्च. तिने आधी तिकीट विचारलं, मग खिडकी उघडते का ते विचारलं. नाही म्हटलं तर म्हणाली, मग शेंगांची टरफलं टाकायची कुठं? गेलो शेवटी हुतात्माने.

सातरस्ता
टिळकांनी सांगितलंय, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही.

नैरोबीरिटर्न
आमच्या मावशींना हे मराठीत शिकवायला पाहिजे होतं 😄

कडक_भाकरी
आईंच्या डोळ्याचं काय म्हणाले डॉक्टर?

शेंगाचटणी
बरं आहे. आता महिन्याने बोलावलंय. माळरान, अंडरपासमधलं पाणी उतरलं का? काल इकडे लै पडला.

माळरान
नाही ओ. मोटर लावून ठेवलीय. रात्री लाईट आली की उपसायचं.